मुक्कामावर पाच टक्के: एडिनबराच्या पर्यटक कराचं प्रकरण

पर्यटक कराची चर्चा बहुतेक वेळा दरावर अडकते: दोन पौंड की पाच टक्के, जास्त की कमी. प्रत्यक्षात दर ठरवणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग आहे. कर कोणत्या रकमेवर मोजायचा, कोणत्या तारखेच्या बुकिंगपासून लावायचा आणि जमा झालेला पैसा कुठे दिसला पाहिजे, यांची उत्तरं कठीण असतात. एडिनबराने हा सगळा रस्ता पायरीपायरीने पार केला आणि त्यातली प्रत्येक पायरी कागदावर उपलब्ध आहे, म्हणून अभ्यासाला हे शहर निवडलं. इथे कुणा व्यावसायिकाचं नाव घेतलेलं नाही. ‘समजा’ म्हणून दिलेले खोलीभाड्याचे आकडे हिशोब समजावण्यापुरते आहेत.

पार्श्वभूमी

एडिनबरा ही स्कॉटलंडची राजधानी, साधारण पाच लाख वस्तीचं शहर. जुनं आणि नवं शहर मिळून १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, आणि १९४७ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे महोत्सवांचा हंगाम असतो. पाहुणे वाढले की कचरा, रस्तेसफाई, सार्वजनिक स्वच्छतागृहं, गर्दीचं नियोजन, बागांची डागडुजी हे सगळं वाढतं. ते परिषदेला, म्हणजे शहराच्या स्थानिक शासनाला, करावं लागतं, आणि परिषदेची तिजोरी भरते प्रामुख्याने स्कॉटिश सरकारच्या अनुदानातून आणि रहिवाशांच्या घरपट्टीसारख्या करातून. पाहुणा हॉटेलच्या बिलावर व्हॅट भरतो खरा, पण तो जातो लंडनच्या, म्हणजे ब्रिटनच्या केंद्र सरकारच्या, खजिन्यात. ज्याच्यामुळे खर्च होतो त्याचा पैसा आणि ज्याला खर्च करावा लागतो त्याची तिजोरी यांची गाठच पडत नव्हती.

युरोपातल्या अनेक शहरांनी ही गाठ मुक्काम कराने घातली होती. व्हेनिसमध्ये २०११ पासून, बर्लिनमध्ये २०१४ पासून असा कर आहे. एडिनबराची अडचण इच्छेची नव्हती, अधिकाराची होती. स्कॉटलंडमधल्या स्थानिक परिषदांना असा कर लावायचा कायदेशीर अधिकारच नव्हता. त्यामुळे फेब्रुवारी २०१९ मध्ये परिषदेने दर खोलीमागे दर रात्री २ पौंड, सलग जास्तीत जास्त ७ रात्री, अशी योजना मंजूर केली तेव्हा कायद्याच्या दृष्टीने ते फक्त मतप्रदर्शन होतं.

मग राष्ट्रीय कायद्याची वाट पाहणं आलं. स्कॉटिश सरकारने २०१९ मध्ये मतं मागवली, २०२० मध्ये कोविडमुळे काम थांबलं, विधेयक मे २०२३ मध्ये मांडलं गेलं आणि २८ मे २०२४ रोजी संमत झालं. त्यानंतर मात्र परिषदेने वेळ दवडला नाही. २०२४ च्या शरदात १२ आठवडे लोकांकडून मतं मागवली गेली, २४ जानेवारी २०२५ रोजी अंतिम निर्णय झाला आणि अंमलाची तारीख ठरली २४ जुलै २०२६. दोन तारखांमध्ये बरोबर अठरा महिने आहेत. निर्णय आणि वसुली यांत किमान तेवढं अंतर ठेवण्याची अट कायद्यातच आहे.

नेमका प्रश्न

‘पर्यटकांकडून पैसे घ्यायचे’ हे वाक्य सभागृहात एका मिनिटात संमत होतं. योजनेच्या मसुद्यात त्याच वाक्याचे तुकडे पडतात. पर्यटक म्हणजे कोण: सुट्टीवर आलेला, की कामासाठी आलेला, की लग्नाला आलेला नातेवाईक? मुक्काम म्हणजे काय: हॉटेल, वसतिगृहातला बिछाना, भाड्याचं घर, तंबू, नांगरलेली बोट? किंमत म्हणजे कोणती: पाहुण्याने संकेतस्थळावर भरलेली, की मालकाच्या खात्यात आलेली? आणि तारीख म्हणजे कोणती: बुकिंगची, पैसे भरल्याची, की खोलीत पाऊल टाकल्याची?

यातलं एक जरी उत्तर धूसर राहिलं तरी भांडण परिषदेच्या कचेरीत होत नाही. ते स्वागतकक्षात होतं, रात्री अकरा वाजता, दमून आलेल्या पाहुण्यासमोर.

तोलले गेलेले पर्याय

पहिला पेच ठराविक रकमेचा आणि टक्केवारीचा. समजा एकच खोली जानेवारीत ६० पौंडांना जाते आणि ऑगस्टमध्ये ३०० पौंडांना. २०१९ चा २ पौंडांचा दर लावला तर जानेवारीच्या पाहुण्यावर ३.३ टक्के भार पडतो आणि ऑगस्टच्या पाहुण्यावर ०.७ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे शहर ओस असताना बोजा जास्त आणि गर्दी असताना नगण्य. पाच टक्क्यांनी जानेवारीत ३ पौंड येतात, ऑगस्टमध्ये १५. महागाईबरोबर टक्केवारी आपोआप सरकते. ठराविक रकमेचा दर मात्र दर काही वर्षांनी पुन्हा मतदानाला न्यावा लागतो आणि तेव्हा जुनं भांडण नव्याने उकरलं जातं.

ठराविक रकमेचीही बाजू आहे, आणि ती हलकी नाही. छोट्या मालकाला ती सांगायला आणि मोजायला सोपी. न्याहारी, पार्किंग, जेवण किंमतीत मिसळलेलं असलं तरी फरक पडत नाही. दलालांच्या साखळीतून खोली विकली गेली तरी हिशोब बदलत नाही. मँचेस्टरने एप्रिल २०२३ पासून खोलीमागे रात्रीला १ पौंड घ्यायला सुरुवात केली ती याच साधेपणावर; मात्र तिथे तो कर नाही. इंग्लंडमधल्या परिषदांनाही कराचा अधिकार नसल्याने हॉटेलवाल्यांच्या मतदानातून उभ्या राहिलेल्या व्यवसाय सुधारणा क्षेत्रामार्फत ते शुल्क घेतलं जातं. साहजिकच पैसा कुठे खर्च करायचा हे त्या क्षेत्राचं मंडळ ठरवतं, परिषद नाही, आणि छोटी निवासं बाहेरच राहतात.

तिसरा मार्ग टप्प्यांचा. क्योतोने ऑक्टोबर २०१८ मध्ये माणशी दर रात्रीच्या भाड्यावर तीन पायऱ्या ठरवल्या: २०,००० येनपर्यंत २००, त्यावर ५०,००० पर्यंत ५००, त्यापुढे १,०००. दिसायला न्याय्य, पण पायरीच्या कडेला उडी असते. भाडं १९,९०० वरून २०,१०० झालं की कर अडीचपट. अशा ठिकाणी दर कडेच्या आत बसवण्याचा मोह होतो.

एडिनबराच्या बाबतीत ही निवड परिषदेच्या हातात उरलीच नाही. २०२४ च्या कायद्याने फक्त टक्केवारी ठेवली. टक्का किती हे परिषदेने ठरवायचं, पद्धत नाही. परिषदेने ५ टक्के ठरवले.

दुसरा पेच रात्रींच्या मर्यादेचा. मसुद्यात सलग ७ रात्रींपर्यंत कर होता. लोकांची मतं आल्यावर तो ५ रात्रींवर आणला. कारण ऑगस्टमध्ये सापडतं. महोत्सवात प्रयोग करायला येणारे कलाकार आणि तंत्रज्ञ तीन-चार आठवडे राहतात, तेही वर्षातल्या सर्वांत चढ्या भाड्यात. समजा भाडं व्हॅटशिवाय १०० पौंड आणि मुक्काम २५ रात्रींचा. मर्यादा नसती तर कर १२५ पौंड. ७ रात्रींच्या मर्यादेने ३५. ५ च्या मर्यादेने २५. कलाकारांना सरसकट सूट द्या अशीही मागणी होती, ती मान्य झाली नाही. ते योग्यच म्हणावं लागेल. कलाकार कोण हे तपासण्याची जबाबदारी खोलीमालकावर टाकण्यापेक्षा मर्यादा खाली आणणं स्वस्त पडतं, आणि त्याचा फायदा दीर्घ मुक्कामाच्या प्रत्येकाला मिळतो. मर्यादेत एक मेख मात्र असते. पाहुण्याने मधेच निवास बदललं तर रात्रींची मोजणी पुन्हा एकपासून का? एकाच निवासात दोन वेगळी बुकिंगं लागोपाठ असतील तर? असे नियम योजनेतच लिहिलेले हवेत, ‘नंतर स्पष्ट करू’ चालत नाही.

तिसरा पेच सवलतींचा. कामासाठी येणाऱ्यांना वगळावं का? बर्लिनचा अनुभव इथे उपयोगी आहे. २०१४ मध्ये तिथे व्यावसायिक प्रवाशांना सूट होती, त्यामुळे मुक्काम कामाचा आहे याचा पुरावा हॉटेलने घ्यायचा आणि जपून ठेवायचा. २०२२ मध्ये जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने व्यावसायिक मुक्कामावरही कर लावता येतो असा निर्णय दिल्यावर बर्लिनने एप्रिल २०२४ पासून ती सूट काढून टाकली. एडिनबराने हा वळसा घेतलाच नाही. पाहुणा का आला हे विचारायचंच नाही. एडिनबराचा रहिवासी स्वतःच्या शहरातल्या हॉटेलात राहिला तरी कर भरतो. स्थानिकांना हे खटकलं, पण पत्ता तपासण्याचं काम टळलं. बेघर व्यक्ती आणि आश्रय मागणारे यांच्यासाठी कायद्यातच सूट आहे. अपंगत्व भत्ता मिळणाऱ्यांनी कर आधी भरायचा आणि मग परिषदेकडून परत मागायचा. मालकाच्या दृष्टीने हे सोपं, कारण कुणाची वैद्यकीय कागदपत्रं त्याच्या टेबलावर येत नाहीत. ज्याच्यासाठी सूट आहे त्याला मात्र पदरचे पैसे घालून अर्ज करावा लागतो, आणि काही पौंडांसाठी किती जण तो करतील ही शंका रास्त आहे.

व्हॅटची गुंतागुंत

या प्रकरणातला सर्वांत कमी चर्चा झालेला आणि छोट्या व्यावसायिकाला सर्वांत जास्त बोचणारा भाग हा आहे. मुक्काम कर ब्रिटिश नियमांनुसार खोलीच्या मोबदल्याचाच भाग धरला जातो, म्हणून त्यावर २० टक्के व्हॅट लागतो. १०० पौंडांच्या खोलीवर कर ५ पौंड, बेरीज १०५, व्हॅट २१, बिल १२६. कर नसता तर बिल १२० झालं असतं. म्हणजे ‘पाच टक्के’ म्हणून जाहीर झालेल्या करामुळे पाहुण्याच्या बिलात ६ पौंड वाढतात. त्यातले ५ शहराकडे आणि १ लंडनच्या खजिन्यात.

याहून मोठा प्रश्न व्हॅट नोंदणीच्या उंबरठ्याचा. १ एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा वार्षिक ९०,००० पौंड उलाढालीची आहे. समजा एका अतिथीगृहाची खोलीभाड्याची उलाढाल ८७,००० पौंड आहे आणि सगळे मुक्काम पाच रात्रींच्या आतले. कर ४,३५० पौंड. तो उलाढालीत मोजला गेला की आकडा ९१,३५०. आता मालकाला नोंदणी करून संपूर्ण भाड्यावर व्हॅट लावावा लागेल. एक तर पाहुण्याला पाचवा हिस्सा जास्त सांगा, नाहीतर तो स्वतःच्या नफ्यातून भरा. तिसरा पर्याय काही आठवडे दारं बंद ठेवण्याचा, आणि तो कुणालाच नको असतो. हा परिणाम परिषदेच्या हेतूत नव्हता, आणि व्हॅट लंडनच्या अखत्यारीत असल्याने तो दुरुस्त करणं तिच्या हातातही नाही.

प्रत्यक्ष कार्यवाही

वसुलीला यादी लागते. कुणाकडून घ्यायचा हेच माहीत नसेल तर कर फक्त प्रामाणिक लोकांवर बसतो. इथे एडिनबराला आधीच्या एका निर्णयाचा फायदा झाला. अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांसाठी स्कॉटलंडमध्ये परवाना पद्धत आली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जुन्या यजमानांनाही परवान्याच्या चौकटीत यावं लागलं. शिवाय ५ सप्टेंबर २०२२ पासून संपूर्ण शहर नियंत्रण क्षेत्र घोषित आहे, म्हणजे मालक स्वतः राहत नसलेलं घर असं भाड्याने द्यायला नियोजन परवानगी लागते. हॉटेलं व्यावसायिक मालमत्ता कराच्या यादीत सापडतातच. त्यामुळे करासाठी वेगळी शोधमोहीम शून्यातून करावी लागली नाही. ज्या शहरात घरगुती निवासांची नोंदच नाही, तिथे आधी नोंदणी आणि मगच कर हा क्रम उलटवला की तोटा ठरलेला.

बुकिंगची तारीख हा दुसरा व्यावहारिक निर्णय. मसुद्यानुसार १ मे २०२५ पासून केलेल्या आगाऊ बुकिंगना कर लागणार होता. म्हणजे निर्णयानंतर जेमतेम तीन महिने. तेवढ्यात मालकांना आरक्षण प्रणाली बदलायची, बिलाचा नमुना बदलायचा, संकेतस्थळांवर सूचना टाकायची, आणि सहल कंपन्यांनी छापलेले दर पुन्हा ठरवायचे होते. अंतिम योजनेत ही तारीख १ ऑक्टोबर २०२५ झाली. त्याआधी झालेल्या बुकिंगना, मुक्काम २४ जुलै २०२६ नंतरचा असला तरी, कर नाही. मधल्या काळातल्या प्रत्येक नोंदीला त्यामुळे दोन तारखा सांभाळाव्या लागतात, आणि साध्या आरक्षण प्रणालीत अनेकदा एकच शोधता येते. तारीख बदललेलं बुकिंग जुनं धरायचं की नवं, हा प्रश्न तिथूनच निघतो. मालकाने नोंद पुसून नवी करण्याऐवजी मूळ क्रमांक कायम ठेवून फेरफार करणं सुरक्षित.

मालकाचं रोजचं काम असं: भाड्यातून जेवण, पार्किंग, प्रवास असल्या गोष्टी वेगळ्या काढायच्या, उरलेल्या खोलीभाड्याच्या व्हॅटपूर्व रकमेवर ५ टक्के मोजायचे, सहाव्या सलग रात्रीपासून थांबायचं, तिमाही विवरणपत्र भरायचं. या खटाटोपाबद्दल जमा कराचे २ टक्के त्याने स्वतःकडे ठेवायचे. मोठ्या हॉटेलला हे परवडतं. छोट्याचं गणित पाहा. तिमाहीत १,००० पौंड कर जमला तर हातात २० पौंड. पाहुण्याने कार्डाने पैसे दिले आणि कार्ड कंपनीचं शुल्क समजा दीड टक्का असेल, तर कर आणि त्यावरचा व्हॅट मिळून १,२०० पौंडांवर १८ पौंड शुल्कातच गेले. उरले दोन.

न्याहारीसह एकच दर सांगणाऱ्या निवासांना न्याहारीची किंमत वेगळी दाखवावी लागते, आणि तिथे न्याहारी अवाजवी महाग दाखवून करपात्र भाग लहान करण्याची वाट उघडी राहते. परिषदेने कधीतरी तुलना करून पाहिली की हे लगेच उघड होतं. जी न्याहारी बाहेरून येणाऱ्याला १२ पौंडांना विकली जाते ती बिलात ३० ची असू शकत नाही.

पैसा कुठे

२०२८-२९ पर्यंत वर्षाला ५ कोटी पौंडांपर्यंत उत्पन्न मिळेल असा परिषदेचा अंदाज आहे. कायद्यानुसार निव्वळ रक्कम पाहुण्यांच्या मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या सुविधा आणि सेवांवरच खर्च करायची. एडिनबराने प्रशासकीय खर्च, घरांच्या टंचाईवरचा निधी आणि रहिवाशांनी स्वतः ठरवायच्या कामांची रक्कम आधी बाजूला काढून उरलेल्याचे वाटे केले: ५५ टक्के शहराच्या सेवा आणि पायाभूत सुविधा, ३५ टक्के संस्कृती, वारसा आणि कार्यक्रम, १० टक्के पर्यटन व्यवस्थापन. देखरेखीला रहिवासी आणि व्यवसाय दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी असलेला मंच आहे. तो सल्ला देतो, निर्णय परिषदेचाच.

वाटे आधीच जाहीर करण्यात शहाणपण होतं. आकडा मोठा असला की प्रत्येक खात्याला तो आपलाच वाटू लागतो.

फलित

निर्णय टिकला, वेळापत्रक पाळलं गेलं, आणि एडिनबराची योजना इतरांसाठी नमुना ठरली. ग्लासगोने ५ टक्के कर २५ जानेवारी २०२७ पासून मंजूर केला, अॅबर्डीनने ७ टक्के १ एप्रिल २०२७ पासून. मोठ्या शहरांना टक्केवारी मानवली, विरळ वस्तीच्या भागांना नाही. जिथे बहुतेक निवासं एकखोली-दोनखोलीची आहेत तिथून ठराविक रकमेची मागणी पुढे आली आणि २०२५ मध्ये स्कॉटिश सरकारला तसा पर्याय देण्याचा विचार करावा लागला. २०१९ मध्ये एडिनबराने स्वतःच जी पद्धत सुचवली होती, तिच्याकडे बाकीचे परत वळले.

वेगळं काय करता आलं असतं

पद्धत कायद्यात एकच बांधून टाकायला नको होती. टक्केवारी, ठराविक रक्कम आणि टप्पे यांतून निवडण्याची मोकळीक स्थानिक परिषदेला दिली असती तर कायदा संमत झाल्यावर वर्षभरातच दुरुस्तीची चर्चा सुरू झाली नसती.

मध्यस्थामार्फत विकलेल्या खोलीची करपात्र किंमत आकड्यांची उदाहरणं देऊन बांधायला हवी होती. समजा हॉटेलने खोली घाऊक कंपनीला ७० पौंडांना दिली, तिने ती सहल कंपनीला ८५ ला विकली आणि पाहुण्याने ११० भरले. कर साडेतीन पौंड, सव्वाचार की साडेपाच? विवरणपत्र भरणाऱ्या हॉटेलला पाहुण्याने काय भरलं हे बहुधा कळतच नाही. हॉटेलला माहीत असलेली शेवटची किंमत धरणं, इतका साधा नियमही चालला असता.

सुरुवातीची तारीख २४ जुलै ही अठरा महिन्यांच्या मोजणीतून आपोआप आलेली दिसते. महिना संपायला आठवडा उरलेला असताना, महोत्सवांच्या उंबरठ्यावर, वर्षातल्या सर्वांत व्यस्त आठवड्यांत नवी प्रणाली पहिल्यांदा चालवायची. १ ऑक्टोबर निवडली असती तर एका उन्हाळ्याचं उत्पन्न हुकलं असतं, हे खरं. पण महिन्यात मधेच फोडलेली बिलं, २३ तारखेला आलेल्या आणि २६ ला जाणाऱ्या पाहुण्यांचे हिशोब आणि हंगामी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हे सगळं शांत दिवसांत निस्तरता आलं असतं. उत्पन्नाचा मोह समजण्यासारखा आहे. निर्णय तरी जाणीवपूर्वक घेतलेला हवा होता.

व्हॅटच्या उंबरठ्याजवळच्या छोट्यांसाठी लंडनशी आधी बोलणी करणं, ती फसली तर किमान त्यांना वर्षभर आधी वैयक्तिक पत्राने सावध करणं, हे परिषदेला करता येण्याजोगं होतं. परवान्यांची यादी हाताशी होतीच.

आणि शेवटचा मुद्दा हिशोबाच्या वहीचा. कर सुरू होण्याआधीच्या तीन वर्षांत रस्तेसफाई, बागा, स्वच्छतागृहं आणि महोत्सवांवर परिषद स्वतःच्या पैशातून किती खर्च करत होती, ते आकडे खातेवार छापून ठेवायला हवेत. तसं केलं नाही तर कराचे पैसे एका हाताने बागेला देऊन दुसऱ्या हाताने मूळ तरतूद कापता येते, आणि मंचावर बसलेल्या कुणालाही ते सिद्ध करता येत नाही. हा तक्ता पहिलं विवरणपत्र भरलं जाण्याआधीच तयार असावा लागतो, कारण नंतर काढलेल्या आकड्यांवर दोन्ही बाजू विश्वास ठेवत नाहीत.